वन्सं, जमीन दिसली

१९ मार्च
बंदर सोडण्याआधी

वन्सं,

नमस्कार. घ्यायचा की नाही ते तुम्ही ठरवा. परवा धक्क्यावर तुम्ही पाठ फिरवून चालायला लागलात तेव्हाही मी वाकले होते; तो तुम्हाला दिसला नसणार म्हणून पुन्हा करते.

तुम्ही जे बोललात ते सगळ्या धक्क्याने ऐकलं. "माझ्या साध्या भावाच्या डोक्यात हे खूळ तूच भरवलंस. त्याचं काही बरंवाईट झालं तर मला तोंड दाखवू नकोस." मी गप्प राहिले. लग्न होऊन तुमच्या घरात आल्यापासून मी तुमच्यापुढे गप्प राहिल्याचा हा पहिलाच प्रसंग असावा. तुम्हालासुद्धा चुकल्यासारखं वाटलं असेल.

पण खूळ माझं नाही हो. खूळ यांचं, आणि ते तुमच्याच घरात वाढलंय. शेडमध्ये दुरुस्तीला आलेल्या त्या परदेशी होड्या आठवतात ना? हे फळ्या बदलत असायचे आणि होडीचा मालक बाजूच्या ओंडक्यावर बसून चहा पीत सांगायचा, अथांग पाण्यातून आल्यावर जमीन पहिल्यांदा कशी दिसली ते. कुणी म्हणे, दंडावर मार लागल्यावर उमटतो तसला डाग होता. कुणी म्हणे, मांजर झोपलंय असं वाटलं. कुणाला वाटलं आपल्यालाच चक्कर येतेय. हे रात्री जेवताना आपल्या दोघींना ते सगळं रंगवून सांगायचे, घास हातातच. तुम्ही म्हणायचात, "आधी जेव. जमीन ताटाखाली आहे, कुठे जात नाही."

जन्मभर दुसऱ्यांच्या होड्या समुद्राजोग्या करून दिल्या आणि स्वतः कधी बंदराच्या बाहेर गेले नाहीत. आता जायचं म्हणतात. ही होडी यांनी फळी न फळी निवडून बांधली आहे, मला खाडीत दोन उन्हाळे शिकवलं आहे. मी आता शीड चढवते, उतरवते, सुकाणू धरते, आणि यांच्यावर ओरडतेही. ते मात्र शिकावं लागलं नाही.

"आत्ताच का?" असं तुम्ही पुन्हा पुन्हा विचारलंत. वय झालं, वन्सं. आत्ता नाही तर कधी? एवढंच. यांची तब्येत उत्तम आहे. रागाने का होईना, तुम्ही माझ्या हातात कोंबलेला औषधांचा डबा मी घेतला आहे.

पत्र धक्क्यावरच्या चहावाल्याकडे देते. तो म्हणाला, ताईंच्या हातात देईन आणि लगेच पळेन.

तुमची
निळी


२ एप्रिल
समुद्रात

वन्सं,

इथे टपालपेटी नाही, त्यामुळे हे लिहून ठेवते आहे. पाठवीन की नाही तेही माहीत नाही. पण दिवसभर एकाच माणसाशी बोलून कंटाळा येतो. तोही तुमचाच भाऊ, म्हणजे चार प्रश्नांना एक उत्तर.

पहिले काही दिवस मी फार वाईट काढले. पोटात पाणीसुद्धा ठरेना. हे माझ्या कपाळाला ओला फडका लावून बसायचे आणि म्हणायचे, "ताई असती तर तिने तुला दरडावून बरं केलं असतं." खरंच आहे. तुमच्या आवाजाने दवाखान्यातला अर्धा वॉर्ड उठून बसायचा.

आता सरावले. आमची खोली म्हणजे तुमच्या देवघराएवढी. एका बाजूला झोपायची फळी, दुसऱ्या बाजूला स्टोव्ह, तोही असा टांगलेला की होडी कलली तरी पातेलं सरळ राहतं. उभं राहिलं की डोक्याला छत लागतं, बसलं की गुडघे एकमेकांना लागतात. भांडण झालं तर जाणार कुठे? म्हणून भांडत नाही. निदान मोठ्याने नाही.

कामं वाटून घेतली आहेत. दिवसा सुकाणू यांच्याकडे, अंधार पडला की माझ्याकडे. यांना रात्री गाढ झोप लागते आणि मला लागत नाही, म्हणून तसं.

पाण्याच्या रंगाबद्दल तुम्हाला सांगायचं होतं. बंदरातलं पाणी शेवाळी, बाहेर आल्यावर हिरवट, मग निळं, आणि आता जे आहे त्याला माझ्याकडे शब्द नाही. आमच्या रंगाच्या दुकानात बाबांनी आयुष्यभर नीळ उकळली, पण असा रंग एकाही कढईत आला नाही. बघते तेव्हा मला तुमच्या घरात आले तो पहिला दिवस आठवतो.

आठवतो का तुम्हाला? हे मला दाखवायला घेऊन आले होते. शेडच्या वरच्या त्या दोन खोल्या, जिन्यावर लाकडाचा भुसा, खिडकीत वाळत घातलेले तुमचे पांढरे युनिफॉर्म. तुम्ही रात्रपाळी करून नुकत्याच आला होतात. मी बसते न बसते तोच तुम्ही माझा हात ओढून घेतलात, नख दाबून बघितलं, पुन्हा दाबलंत, आणि आतल्या खोलीकडे तोंड करून म्हणालात, "बाबा, मुलगी चांगली आहे, पण हिचं हृदय खराब आहे. नखं निळी पडलीत."

मी घाबरून रडायलाच लागले. हे हसत सुटले. सासरे बाहेर आले, तेही हसायला लागले. शेवटी मीच म्हटलं, "नीळ आहे हो. रंगाऱ्याची मुलगी आहे मी. धुऊनही जात नाही." तुम्ही हात सोडला नाहीत. म्हणालात, "असू दे. तरी एकदा नाडी बघते."

त्या दिवसापासून मी निळी. दुकान बंद झालं, हात कधीच पांढरे झाले, नाव मात्र राहिलं. तुम्ही रागावलात की "निळे!" म्हणता आणि लाडात आलात तरी "निळे" म्हणता, फक्त शेवटचा स्वर कुठे जातो त्यावरून मी ओळखते. धक्क्यावर तुम्ही मला त्यातलं एकही म्हणाला नाहीत. "बाई" म्हणालात. ते मला फार लागलं.

यांनी हाक मारली. पुढचं मग.


१० एप्रिल
समुद्रात

वन्सं,

जे सांगायचं नाही असं यांनी मला बजावलं होतं ते आता सांगते. हे पत्र तुमच्या हाती पडेल तोपर्यंत काय व्हायचं ते होऊन गेलं असेल.

परवा दुपारी ऊन होतं, वारा बेताचा होता. मी खाली बटाटे सोलत होते. हे सुकाणूजवळ बसून डोळ्यांत थेंब घालत होते. एकदम वारा उलटला. शिडाच्या खालचा आडवा वासा एका बाजूचा दुसऱ्या बाजूला फिरला. कुणालाही तो डोळ्याच्या कोपऱ्यातून येताना दिसला असता आणि त्याने मान खाली घातली असती. यांना दिसला नाही. खांद्यावर बसला. मी वर धावले तेव्हा हे फळ्यांवर आडवे पडले होते, आणि मांडीवरचा थेंबांच्या बाटल्यांचा डबा कठड्याखालून घसरून पाण्यात गेला होता. मी बघितला तो, तरंगत मागे मागे जाताना. होडी वळवेपर्यंत लाटांत दिसेनासा झाला.

थेंब कसले, हे तुमच्या लक्षात आलं असेल. तुमची सगळी नोकरी दवाखान्यात गेली. तुम्हाला एका शब्दात सगळं कळलं असतं आणि म्हणूनच यांना तो शब्द तुमच्या कानावर घालायचा नव्हता. काचबिंदू. उजवा डोळा गेलाच आहे. डाव्याने दिसतं, पण वर्तमानपत्राची सुरळी करून डोळ्याला लावावी तसं. मधलं तेवढं दिसतं, बाजूचं काही नाही. अंधारात तर काहीच नाही. रात्रीची राखण माझी का, ते आता कळलं ना?

गेल्या वर्षी यांच्या नडग्यांवरचे डाग बघून तुम्ही मला आडून विचारलं होतंत, "घरात मारामारी करता का ग तुम्ही?" शेडमधल्या ओंडक्यांना धडकत होते ते. आधी वाटलं, वयाने अडखळतात. मग एकदा मी भरलेला पेला यांच्या हाताशी धरला आणि हे समोर बघत म्हणाले, "चहा आणतेस ना?" तेव्हा मी यांना डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, गेलं ते परत येणार नाही. उरलंय ते थेंबांनी टिकवायचं, जितकं टिकेल तितकं.

घरी येताना वाटेत हे बाकावर बसले.  मग म्हणाले, "जमीन बघायची राहिली."

मी म्हटलं, "ताईंना सांगू या."

"नको. ताईला कळलं की ती मला खुर्चीत बसवील. गोवर आला होता तेव्हा महिनाभर बसवलं होतं अंधारात."

त्या गोवराची गोष्ट यांनी मला कितीदा सांगितली आहे. तुम्ही स्वतःच किती लहान होतात. आई गेलेली, वडील शेडमध्ये. उजेड आत येऊ नये म्हणून तुम्ही खिडकीला घोंगडी लावलीत, दाराला पाठ लावून बसलात आणि फटीतून रस्त्यावर जे दिसेल ते यांना सांगत राहिलात. आता सायकल गेली. आता कुत्र्याने पाव पळवला. आता मास्तर घसरले. यांनी मला सांगितलं, "मास्तर रोज घसरायचे. मला तेव्हाच शंका आली होती."

हे हसत सांगतात, पण मी यांचा चेहरा बघितला आहे. तुम्ही पुन्हा दाराला पाठ लावून बसाल, एवढीच यांना भीती. राग नाही, वन्सं. तुमच्यासमोर यांना अजूनही धडधाकट राहायचं आहे.

म्हणून धक्क्यावर मी गप्प राहिले. आता तरी तुमची खात्री झाली का, की मलाही तोंड बंद ठेवता येतं?

खांदा निखळलेला नाही, तुम्ही शिकवलं होतं तसं दाबून बघितलं. पण हात वर होत नाही. तुमच्या डब्यातलं तिकोनी फडकं काढून गळ्यात बांधला आहे. माझ्या एप्रनच्या खिशात थेंबांची एक उघडी बाटली निघाली, अर्ध्याहून कमी. सकाळचा एक थेंब घालायचा, संध्याकाळचा नाही, असं ठरवलं आहे.


१९ एप्रिल
समुद्रात

वन्सं,

बाटली संपली. शेवटी मी ती उलटी धरून झटकत होते आणि हे म्हणत होते, "अगं, माझ्या डोळ्यात घाल, बाटलीला कशाला मारतेस?"

आता होडी मीच चालवते, दिवसाही. हे शेजारी बसतात, वाऱ्याचा आवाज ऐकतात आणि सांगतात, "शीड फडफडतंय, जरा ओढून घे." बरोबर असतं. पण काल दुपारी डोळा दुखतो म्हणाले. उजेडाभोवती काहीतरी गोल गोल दिसतं म्हणाले. रोज सकाळी मी यांच्यासमोर हात पसरून बसते आणि बोटं हळूहळू बाजूला नेते. जिथे दिसेनाशी होतात तिथे हे "गेली" म्हणतात. ती जागा रोज जवळ येते आहे. मी थोडं खोटं बोलते, कालच्याइतकंच आहे म्हणते. यांना ते कळतं.

आज सकाळी लांबवर एक मालवाहू जहाज दिसलं. एवढ्या दिवसांत पहिलंच. माझ्या मनात आलं, यांना त्याच्यावर चढवावं, ते वेगाने नेतील, बंदरात डॉक्टर असेल. होडी गेली तर गेली. मी वायरलेसचा माइक हातात घेतला आणि यांना विचारलं.

"होडीचं काय?" हे म्हणाले.

"खड्ड्यात गेली होडी."

"मग जमीन मी जहाजाच्या दवाखान्यातून बघणार का, पडद्याआडून?"

"डोळा राहिला तर पुढे कितीही जमिनी बघता येतील!"

यांनी होडीच्या कठड्यावरून हात फिरवला. मग म्हणाले, "बोलाव. डोळा माझा असला तरी सांभाळतेस तूच. तू ठरव."

बघा, असं बोलतात. मी रागाने बटण दाबलं. पलीकडून आपल्याकडच्याच एका तरुण अधिकाऱ्याचा आवाज आला, अगदी अदबीचा. मी सगळं सांगितलं, रडत रडतच सांगितलं असणार. त्याने ऐकून घेतलं, कुणाला तरी विचारलं. मग म्हणाला, "आजी, आमच्याकडे ते औषध नाही. आणि आम्ही जिथे चाललोय ते बंदर तुमच्या दुप्पट लांब आहे. तुम्ही तुमच्या वाटेनेच आधी पोचाल. आम्ही तुमच्या बंदराला कळवून ठेवतो."

त्याने वाऱ्याचा अंदाज सांगितला, काळजी घ्या म्हणाला. जहाज पुढे गेलं. मी माइक अडकवला. मला हायसं वाटलं की वाईट, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

हे म्हणाले, "आजी म्हणाला तुला."

मी म्हटलं, "मग? तुम्हाला काय म्हणाला असता, दादा?"

आम्ही दोघं हसलो. खूप दिवसांनी. मग मी शिडं पूर्ण वर चढवली. एवढ्या वाऱ्यात हे मला एरवी चढवू देत नाहीत. आज म्हणाले, "चढव. जाऊ दे पळत."

होडी अशी पळते आहे, वन्सं, की स्टोव्हवरचं पातेलंसुद्धा सरळ राहत नाही. आज भात नाही. बिस्किटं.

रात्री सुकाणूवर मी एकटी असते तेव्हा तुमच्याशी बोलते. तुमची रात्रपाळी असायची तेव्हा पहाटे जिन्यावर तुमची चप्पल वाजायची. मी उठून चहा टाकायचे. यांना झोपू द्यायचं म्हणून आपण दोघी स्वयंपाकघरात खालच्या आवाजात बोलायचो. तुम्ही पाय गरम पाण्यात घालून बसायचात. वॉर्डातल्या म्हाताऱ्यांच्या नकला करायचात. मला हसू आवरायचं नाही, मी पदर तोंडात धरायचे. लोकांना वाटतं, नणंद-भावजयीचं पटलं नाही. पटलं नाहीच. पण तो चहा तसा परत कधी झाला नाही.


२८ एप्रिल
बंदरात, खानावळीच्या वरची खोली

वन्सं,

काल फोनवर तुम्ही "हॅलो" म्हणालात आणि माझ्या हातून रिसीव्हर यांनी काढून घेतला. तुम्हाला काय सांगायचं ते सगळं यांनी स्वतः सांगितलं. डोळा, काचबिंदू, थेंब, खांदा, काही हातचं राखलं नाही. मी बंदराच्या कचेरीत बाकावर बसून यांची पाठ बघत होते. बराच वेळ हे नुसतंच "हो ताई", "हो ताई" म्हणत होते. एकदा म्हणाले, "रडू नकोस ग." मग रिसीव्हर माझ्याकडे दिला.

तुम्ही मला रागावाल असं वाटलं होतं. तुम्ही विचारलंत, "त्याला दिसली का जमीन?" मी म्हटलं, "हो." आणि फोन कट झाला. पुन्हा लावला तर लागेना. म्हणून नीट लिहिते आहे. आधीची पत्रंही याच पाकिटात आहेत. यांना विचारलं, टाकू का? हे म्हणाले, "टाक. आता तिच्यापासून लपवायला उरलंय काय?"

आधी डॉक्टरचं सांगते, म्हणजे तुमचा जीव भांड्यात पडेल. त्या जहाजाने खरंच कळवून ठेवलं होतं. आम्ही दोर बांधतोय तोच गाडी उभी होती. डोळ्याचा दाब फार चढला होता. औषधं दिली, आज उतरला आहे. यांना दिसतं ती खिडकी पहिल्यापेक्षा लहान झाली आहे, पण आहे. डॉक्टरीण तुमच्यासारखीच आहे, बोलताना माणसाला पाणी पाजते. तिने विचारलं, घरात आणखी कुणाला आहे का? तुम्हीही तपासून घ्या, वन्सं. टाळू नका. परत येताना आम्ही विमानाने येणार आहोत. होडी इथे एका सुताराकडे ठेवली आहे. यांनी त्याच्या शेडचा वास घेतला आणि म्हणाले, चालेल.

आता ऐका.

जमीन दिसायच्या आदल्या दिवशी दुपारपासून पाण्याचा रंग बदलायला लागला. त्या निळ्यात कुणीतरी चिमूटभर हळद टाकावी तसा. मी यांना सांगितलं नाही. मग एक तुटलेली फांदी वाहत गेली, तिला अजून हिरवी पानं होती. मग एक लहानसा पक्षी दोरावर येऊन बसला, दमलेला, पंख पसरून. तो समुद्रावरचा नव्हता. तो मी सांगितला. हे म्हणाले, "यंत्र बंद कर."

आमच्याकडे जागा दाखवणारं यंत्र आहे. ते सांगतं जमीन किती लांब. हे म्हणाले, "आकडा नको. आता डोळ्यांनी." मी त्याच्यावर भांडी पुसायचं फडकं टाकलं. अधूनमधून उचलून बघत होते. एवढं धाडस नाही माझ्यात.

सकाळी उजाडलं तेव्हा धुकट होतं. समोर पाण्याची रेघ आणि वर ढग. मला या प्रवासात ढगांनी दोनदा फसवलं आहे, तेव्हा मी मन घट्ट करून बसले. ऊन आमच्या मागून वर आलं. धुकं विरळ झालं. ढगाखाली एक जागा होती, ती रेघेपेक्षा जरा जाड होती. मी चहा करून आणला, तरी ती तिथेच. ढग हलले, ती हलली नाही. मग तिच्यावर ऊन पडलं आणि ती राखाडीची तपकिरी झाली. खाली कडेला एक पांढरा ठिपका चमकला, घर असेल किंवा खडक. मी ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही. हे म्हणतात, मी "अहो, आली!" म्हणाले, पाहुणे आल्यासारखं.

हे वर आले. एक हात गळ्यात, शर्टाची बटणं चुकलेली. "कुठे?"

"समोर. जरा डावीकडे."

हे बघायला लागले. होडी लाटेवर चढत होती, उतरत होती. यांची ती खिडकी केवढीशी. सगळं क्षितिज केवढं. हे मान फिरवत होते, सुई हरवल्यावर जमिनीवर शोधतात तसं. आभाळ सापडायचं, शीड सापडायचं, पाणी सापडायचं. जमिनीवरून यांची नजर दोनदा गेली, मी बघितलं, पण तेवढ्यात लाट यायची. मी बोट दाखवलं. माझं बोट यांना दिसेना. "वर, वर... नाही, खाली... तिथेच होती की नजर!" असं मी म्हणत राहिले. मला रडू यायला लागलं होतं.

यांच्या डोळ्यातून पाणी वाहत होतं, दुखत होता तो. शेवटी हे खाली बसले. "राहू दे," म्हणाले. अगदी शांतपणे म्हणाले. "तू बघितलीस ना? तू सांग. कशी आहे?"

सांगता आलं असतं, वन्सं. रंगाऱ्याची मुलगी आहे, रंग तरी नीट सांगितले असते. आणि हे ऐकून "वा" म्हणाले असते, आणि आयुष्यभर लोकांना तेच सांगत राहिले असते, माझ्या डोळ्यांनी बघितलेलं. मी काही सांगितलं नाही.

सुकाणू दोराने बांधून टाकलं. यांच्या मागे जाऊन गुडघ्यांवर बसले, माझी हनुवटी यांच्या डोक्यावर ठेवली, म्हणजे आमचे दोघांचे डोळे एकाच दिशेला. आणि यांचं तोंड दोन्ही हातांत धरलं. दाढी वाढली होती, टोचत होती. म्हटलं, "तुम्ही मान हलवायची नाही. मी हलवीन. तुम्ही फक्त बघा."

"बरं."

मी आधी यांना पाण्याच्या रेघेवर आणलं. "रेघ दिसते?"

"दिसते."

"आता रेघेवरून चला." मी हळूहळू डावीकडे वळवायला लागले. होडी वर गेली की मी डोकं खाली करायचे, होडी खाली गेली की वर. दोनदा रेघ निसटली. पुन्हा सुरुवातीपासून.  माझ्या तळहाताखाली यांचा जबडा घट्ट झालेला लागत होता. इंच इंच. रेघ, रेघ, रेघ.

मग तो जबडा ढिला झाला.

"थांब," हे म्हणाले.

मी थांबले.

"गेली. मागे घे. हं. थांब." आणि मग, अगदी हळू, "आहे ग."

मी विचारलं, "पांढरा ठिपका दिसतो?"

"बोलू नकोस," म्हणाले.

मी लाटेबरोबर यांचं डोकं वर-खाली करत राहिले, म्हणजे ती खिडकीतून सांडू नये. खाली स्टोव्हवर पाणी ठेवलं होतं, ते आटून पातेलं करपल्याचा वास येत होता. येऊ दिला. ऊन वर चढलं. जमीन हळूहळू उंच झाली, तिच्यात घड्या पडल्या, घड्यांत सावल्या. माझे गुडघे फळीवर सोलले होते, खांदे भरून आले होते, हाताला मुंग्या आल्या होत्या. हे एकटक बघत होते आणि यांच्या गालांवरून पाणी माझ्या बोटांवर येत होतं. ते दुखण्याचं होतं की कशाचं, मी विचारलं नाही.

बऱ्याच वेळाने यांनी विचारलं, "हात दुखतायत का ग तुझे?"

मी म्हटलं, "नाही."

फार दुखत होते, वन्सं.

तुमची
निळी